बऱ्हाणपूरची टकसाळ आणि राहदारीची वाट

देवीला नेसविण्याचा शालू वर्षभर पेटीत जपून ठेवावा, आणि नवरात्रात उघडून पाहावा तो जरीचा काठ काळा पडलेला, असा अनुभव देवस्थानाशी संबंध असलेल्या पुष्कळ घरांना असेल. घेतेवेळी तो काठ लखलखत होता. दुकानदाराने भावही सोनेरी जरीचा लावला होता. मग त्या जरीत सोने किती होते, आणि आपण मोजलेल्या पैशांतले किती पैसे सोन्याचे, किती कारागिराचे व किती भलत्याच कोणाचे, हा प्रश्न मनात येतो. पण तोपर्यंत शालूही जुना झालेला असतो आणि पावतीही हरवलेली असते.

हीच तक्रार सतराव्या शतकात पोलंडच्या बाजारात होत असे, असे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. ज्याँ बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्या शतकाच्या मध्यास बऱ्हाणपुरास आला होता. येथे विणले जाणारे तलम कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरो येथवर जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. काही कापड रंगीत फुलांचे असे. काही पांढरेच ठेवून त्यात सोन्यारुप्याच्या पट्ट्या घालीत आणि दोन्ही टोकांस जरीचे पदर काढीत. पोलंडला जाणाऱ्या मालाच्या पदराला तीन-चार बोटे जर असलीच पाहिजे, असा तिकडचा आग्रह असे. आणि सुरतेहून होर्मुझ, पुढे त्रेबिझोंदहून काळा समुद्र असा दर्यावरचा प्रवास करताना ती जर काळी पडली, तर व्यापाऱ्याला माल मोठ्या तोट्याने विकावा लागे. ताव्हर्नियेचा धंदाच रत्नांचा आणि सोन्याचा, त्यामुळे त्याची नजर नेमकी याच गोष्टीवर गेली असावी.

आमच्या गोव्या-कारवाराकडील वाचकांस बऱ्हाणपूर हे नाव दूरचे वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडी ओळख करून देतो. खानदेशाच्या उत्तर टोकास, तापीच्या काठी, हे शहर इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानांनी वसविले. अकबराने १६०१ साली जवळचा असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. तेथून पुढे सुमारे शतकभर दक्षिणेकडे येणाऱ्या प्रत्येक शहाजाद्याचा, सरदाराचा आणि व्यापाऱ्याचा मुक्काम येथे पडे. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात येथेच शहाजादा परवेझच्या दरबारी हजर झाला. मुमताजमहल १६३१ मध्ये येथेच वारली. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेनंतर शहर पेशव्यांकडे आले, १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेले आणि १८६०-६१ मध्ये इंग्रजांच्या मध्यप्रांतात सामील झाले. हल्ली ते मध्यप्रदेशात असून २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. तथापि बाजारात मराठी कानावर पडते, आणि इच्छापूरच्या टेकडीवरील इच्छादेवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकाला तेथून महाराष्ट्राची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर आहे.

सुरत ते आग्रा हा मोगल काळातील मोठा व्यापारी रस्ता या शहरावरून जात असे. त्या रस्त्यावर ग्राहकाच्या नजरेआड वाढत जाणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक मालाच्या किमतीत लपलेली, दुसरी मालाच्या पोटातच लपलेली. पहिलीचे नाव राहदारी. दुसरीचे नाव खोटी जर. पहिलीचा बंदोबस्त करण्यास बादशहाने हात घातला आणि तो फसला. दुसरीचा बंदोबस्त बऱ्हाणपुरातल्या एका वास्तूत कित्येक पिढ्या होत राहिला. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

राहदारी म्हणजे वाटेची पट्टी. रस्ता सुरक्षित राखण्याबद्दल ती घ्यावी, असा तिचा मूळ हेतू. घाटाच्या तोंडाशी, नदीच्या उतारावर, परगण्याच्या शिवेवर चौकी असे. तेथे बैलामागे, गाडीमागे किंवा ओझ्यामागे काही द्यावे लागे. एका चौकीवर दिलेली रक्कम फारशी मोठी नसे, आणि तिच्या जाचाचे मर्म यातच आहे. व्यापारी प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे देत पुढे जाई. शेवटी हा सगळा बोजा तो कापडाच्या भावात घाली. आग्र्याच्या पेठेत ते कापड घेणाऱ्याला भाव तेवढा दिसे. त्या भावात विणकराचे किती, बैलवाल्याचे किती आणि चौकीवरील शिपायाचे किती, हे विचारण्याची त्याला सोयच नव्हती.

औरंगजेब १६५८ साली गादीवर आला. वारसायुद्धाने मुलूख उद्ध्वस्त झाला होता आणि धान्याची महागाई होती. लगेच १६५९ मध्ये त्याने राहदारी माफ केल्याचा हुकूम काढला. त्याबरोबर 'पंडारी' या नावाची पट्टीही उठविली. ती भाजीवाल्यापासून सराफापर्यंत पेठेत जागा धरून बसणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला द्यावी लागे. या प्रकारच्या लहानमोठ्या सुमारे ऐंशी पट्ट्या त्या वेळी रद्द झाल्या, असे खाफीखान या इतिहासकाराने लिहिले आहे. आमच्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट त्या यादीत आहे. पीरांच्या उरुसांत आणि हिंदू देवालयांच्या जत्रांत जी खरेदी-विक्री होते तिच्यावरची वसुलीही त्यात होती. जत्रेत माळ, तांब्या किंवा खण घेणाऱ्या बाईने किमतीबरोबर सरकारचा हा भागही नकळत भरलेला असे.

यापुढे खाफीखान जे सांगतो ते आम्हांस सर्व प्रकरणातील अत्यंत उद्बोधक भाग वाटतो. त्याच्या मते पंडारी तेवढी खरोखर थांबली, कारण ती राजधानीत आणि मोठ्या शहरांत, म्हणजे दरबाराच्या डोळ्यांसमोर, गोळा होई. बाकीच्या पट्ट्या दूरच्या मुलखात चालूच राहिल्या. लोक लोभी असतात आणि शिक्षेचा धाक उरला नव्हता, हे कारण तो देतोच. परंतु त्याने दिलेले दुसरे कारण हिशेबाच्या वहीत दडलेले आहे. जहागीरदाराला पगाराऐवजी जो मुलूख नेमून दिला जाई, त्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात या रद्द झालेल्या पट्ट्यांची रक्कम दफ्तरात तशीच धरलेली राहिली. हुकूम निघाला पण वही बदलली नाही. मग जहागीरदार म्हणे, 'माझ्या पगारात ही रक्कम मोजली आहे, ती मी न घेतली तर माझे भागायचे कसे?' आणि तो वसूल करी. किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक करी. तक्रार वर गेली तर त्याची मनसब कमी होई व बंदोबस्तास गुर्जबर्दार, म्हणजे दरबारी गदाधारी शिपाई, पाठविला जाई. चार दिवस चौकी बंद राही. गुर्जबर्दार परतला की ती पुन्हा उघडे. काही काळाने दरबारातील वशिल्याने मनसबही पूर्ववत होई. जहागीरदारांचे पाहून जमीनदारांनीही आपापल्या हद्दीत हात धुऊन घेतले. बंदरातून निघालेला माल मुक्कामावर पोहोचेपर्यंत त्याच्या मूळ किमतीच्या दुप्पट पट्ट्या भरतो, इतक्या थरास गोष्ट गेली, असे त्याने खेदाने नमूद केले आहे. आकड्यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण खाफीखानाने स्वतः दक्षिणेत नोकरी केली होती आणि या वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या.

औरंगजेबाविषयी आपल्या मनात जे आहे ते आहे. पण हा हुकूम त्याने वाईट बुद्धीने काढला होता असे म्हणता येणार नाही. हुकूम चांगला होता. त्याचा अंमल मात्र शेकडो चौक्यांपैकी प्रत्येक चौकीवर करावयाचा होता, आणि शेकडो चौक्यांवर गदाधारी शिपाई कायमचा उभा करणे कोणत्याही बादशहाला शक्य नव्हते.

आपल्या लोकांचीही बाजू येथे झाकून ठेवता कामा नये. १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. त्यांत खानदेशही होता. त्याबरोबर मराठ्यांचे कमाविसदार आणि गुमास्ते ठिकठिकाणी बसले. बादशाही चौकीच्या शेजारी त्यांचीही चौकी उभी राहिली, आणि वाटसरूला एकाच घाटात दोनदा थैली सोडावी लागू लागली. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकल्यावर निजामउल्मुल्काने हैदराबाद सुभ्यापुरती एक तोड काढली. चौथाईची रक्कम आपल्या खजिन्यातून रोख द्यावी, आणि मराठ्यांनी आपले चौथाईचे, सरदेशमुखीचे व राहदारीचे माणूस उठवावे. या राहदारीच्या माणसांपासून व्यापाऱ्यांस व प्रवाशांस मोठा उपद्रव होत होता, असा शेरा खाफीखानानेच मारला आहे. हे वाचून आपल्याला बरे वाटत नाही. परंतु स्वराज्याच्या शिपायाने घेतलेली छुपी पट्टी गिऱ्हाईकाला काही स्वस्त पडत नाही.

पेशवाईत याच गोष्टीची शिस्तवार जकात झाली. जेथे माल भरला तेथे थळभरीत, जेथे उतरून विकला तेथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर ठिकठिकाणी हासील. या जकातीचे नाकेवार इजारे दिले जात. इजारदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरली की नाक्यावर काय चालते याची चौकशी विरळा. तेव्हा बऱ्हाणपूरचे लुगडे पुण्यास येईपर्यंत किती हात चाटून येत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण याच जाचातून मराठी मुलखात एक धंदा निर्माण झाला, आणि त्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. तो हुंडेकऱ्याचा धंदा. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या लोकांचे वर्णन आहे. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याकडे माल द्यावा आणि एकच ठोक रक्कम भरावी. वाटेतल्या सगळ्या नाक्यांचा हिशेब हुंडेकरी आपल्या शिरावर घेई. जकातीच्या इजारदारांशी त्याचे ठरलेले असे आणि त्यांच्या रकमेला तोच जबाबदार असे. माळव्यात याच जातीची 'हुंडाभाडा' ही पद्धत होती. तीत वाहतुकीचे भाडे, वाटेची जकात आणि लूटमारीचा विमा या तिन्हींचा एकच आकडा ठरत असे. पुढे सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानच्या आपल्या वृत्तान्तात तिचा उल्लेख केला. 'हुंडेकरी' हा शब्द आजही मराठी गावांत मालवाहतुकीच्या पेढीवर पाहावयास मिळतो. मात्र त्याच्या मागचा हा इतिहास पाटी रंगविणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही.

हुंडेकऱ्याने जकात एका पैनेही कमी केली नाही. त्याने इतकेच केले की, वाटेवर थेंबाथेंबाने गळणारा पैसा निघण्यापूर्वी एका आकड्यात आणून व्यापाऱ्याच्या हातावर ठेवला. तो आकडा ऐकून व्यापारी म्हणू शके, 'परवडत नाही, मी माल पाठवीत नाही.' ही मुभा पाचव्या नाक्यावर उरत नसे. पाचव्या नाक्यावर बैल परत फिरविण्यापेक्षा मागतील ते देणेच शहाणपणाचे ठरे, आणि हे नाकेदाराला व्यापाऱ्याइतकेच चांगले माहीत असे.

आता जरीकडे वळू. बऱ्हाणपूरची कीर्ती मुख्यतः कलाबतूवर उभी होती. कलाबतू म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती करण्याची रीत अशी. चांदीची एक कांब घ्यावयाची. तिला 'पासा' म्हणत. त्या पाशावर सोन्याचा वर्ख चढवून तो ठोकून बसवावयाचा. मग ती कांब पोलादी पट्टीच्या उतरत्या मापाच्या छिद्रांतून एकामागून एक ओढीत न्यावयाची. शेवटी केसासारखी तार होते. तार चपटी करणारा कारागीर वेगळा आणि ती रेशमावर पिळणारा वेगळा. यातील चमत्कार असा की कांब हजारो पटींनी लांबली तरी सोन्याची त्वचा फाटत नाही. ती पातळ पातळ होत जाते, पण तारेच्या टोकापर्यंत चिकटून राहते.

या चमत्कारातच लबाडीला जागा आहे. पाशावर सोने भरपूर चढविले काय आणि नावापुरते चढविले काय, ओढून निघालेली ताजी तार सारखीच झळकते. चांदीत तांबे मिसळले असेल तर तेही सोन्याखाली झाकून जाते. विणकराला कळत नाही, दुकानदाराला कळत नाही आणि गिऱ्हाईकाला तर नाहीच नाही. कळते ते दर्यावरच्या दमट हवेत, किंवा देवीच्या पेटीत चार पावसाळे गेल्यावर. नाही तर जुनी जर वजनावर घेणारा दारी येतो, लुगड्याचा पदर जाळून चांदी वेगळी काढतो आणि हातावर चार दमड्या ठेवतो, तेव्हा.

म्हणून तारकशीचे काम पूर्वापार सरकारी देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. एकोणिसाव्या शतकात निमाडचा जमीनबंदोबस्त करणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ आणि त्या काळचे इतर सरकारी लेखक यांनी ही व्यवस्था टिपली आहे. शहरात टकसाळ होती. नाण्यांच्या टाकसाळीवरून हे नाव आले असले तरी येथे तारेचे काम चाले. टकसाळीत येणारे सोने आणि चांदी प्रथम एका वंशपरंपरागत पारख्याच्या हाती जाई. त्याला 'चौकसी' म्हणत. चांदी ठरलेल्या कसाला उतरली तरच तिचा पासा पुढे सरके, आणि तार ओढण्याचे कामही त्याच वास्तूत, त्याच नजरेखाली होई. गुजरातेत 'चोकसी' हे आडनाव ज्यांचे आहे त्यांच्या पूर्वजांचा धंदा हाच. आपल्या 'चोख' या शब्दाशी त्याचे नाते असावे असे कानाला वाटते. पण व्युत्पत्तीच्या वाटेला जाणे आमचे काम नव्हे.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या जागेत आहे. चौकसी बाजारात फिरून लुगडी तपासीत नसे. तपासण्याजोगे तेथे काही उरलेलेच नसे. सोने चांदीवर चढण्यापूर्वी, कांब अजून कांब आहे तोवर, एका दारात एकदा पाहावयाचे आणि मग ती तार पोलंडला जावो की पंढरपूरला. सगळ्या मालाला ज्या एका दारातून जावेच लागते तेथे पहारा ठेवला तर एक माणूस पुरतो. सरकारे बदलली तरी टकसाळीची गरज त्यांपैकी प्रत्येकाला वाटली, कारण खोटी तार निघाली तर शहराचेच नाव जाई आणि मग उत्पन्नही बुडे. यात लोककल्याणाबरोबर तिजोरीचा स्वार्थही होता, हे लपविण्याचे कारण नाही.

इंग्रजी अमलाचा भाग आवरता घेतो. बंगाल व मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकात कंपनी सरकारने १८३० च्या दशकात उठविली, मद्रासेत ती १८४४ मध्ये गेली. बऱ्हाणपूर तेव्हा शिंद्यांकडे होते. पुढे आगगाडी आली, तिचे स्टेशन शहराबाहेर लालबागेस झाले, आणि व्यापाराचा ओघ खांडव्याकडे वळला. नगरपालिकांची जकात मात्र गावोगाव राहिली. मध्यप्रदेशाने ती १९७६ मध्ये काढून तिच्या जागी प्रवेशकर आणला. मुंबईच्या नाक्यांवरील जकात तर १ जुलै २०१७ पर्यंत, वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत, चालू होती. थळमोड हे नाव गेले, पण तिचा अंश आपल्या हयातीपर्यंत पोहोचला होता.

स्वातंत्र्यानंतर ग्राहकाच्या बाजूने जे कायदे झाले त्यांत महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली; मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये उभी राहिली. कायद्याने हक्क मिळण्याआधी दहा-बारा वर्षे ही मंडळी एकत्र खरेदी करून आणि घासाघीस करून ग्राहकाला आपला हक्क शिकवीत होती. १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन 'अनुचित व्यापारी प्रथा' हे शब्द आले, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

तथापि आमच्या मते छुप्या पट्टीवर खरा घाव घातला तो याहून कमी गाजलेल्या एका नियमाने. बंद वेष्टनातील वस्तूंवर किंमत छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी झाली होती. पण कारखानदाराला किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असे छापण्याची मोकळीक होती. ज्यांनी त्या काळी किराणा भरला आहे त्यांना आठवत असेल, हे स्थानिक कर किती हे दुकानदार सांगेल तितके! डब्यावर दहा रुपये आणि हातातून जात अकरा किंवा साडेअकरा. १९९० मध्ये ही मोकळीक गेली. सर्व करांसह जी कमाल किंमत तीच छापावयाची, असे ठरले. एल्फिन्स्टनच्या हुंडेकऱ्याने बैलाच्या पाठीवर जे केले ते येथे बिस्किटाच्या पुड्यावर झाले. पूर्ण आकडा दाराशीच ठरला, आणि दुकानोदुकानी शिपाई उभा करण्याची गरज राहिली नाही. कारण शाळकरी पोरही पुडा उलटा करून आकडा वाचू लागले.

हल्लीची वाट मात्र पुन्हा राहदारीच्या वळणाने जाऊ लागली आहे. गेल्या वर्षी आम्ही देवीसाठी जरीचा एक खण घरबसल्या दूरध्वनीच्या पडद्यावरून मागविला. पहिल्या पानावर एक किंमत होती. पत्ता लिहिल्यावर तीत पाठवणीचा खर्च मिळाला, पुढच्या पानावर बांधणीचा, आणि पैसे भरण्याच्या क्षणी 'सोयी'चा. कोणाची सोय, ते काही उमगले नाही. परत फिरावे तर तासभर गेलेला आणि सण तोंडावर आलेला. आम्ही पाचव्या नाक्यावरील व्यापाऱ्याप्रमाणे निमूटपणे पैसे भरले.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत अमलात आला आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी निषिद्ध ठरविले. किंमत आरंभी पूर्ण न सांगता वाटेत थोडी थोडी उघड करणे, हा त्यांतला एक. त्याला 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे ठिबकणारी किंमत, असे नाव आहे. दुसरा प्रकार म्हणजे गिऱ्हाईकाने न मागितलेली वस्तू किंवा रक्कम त्याच्या टोपलीत गुपचूप घालणे. आणि या दुसऱ्यात न विचारता जोडलेल्या धर्मादाय देणगीचाही स्पष्ट उल्लेख आहे.

येथे देवस्थानाच्या मंडळींनी थोडे थांबावे असे वाटते. आपल्या जुन्या व्यापारपेठांत बिलात 'धर्मादाय' म्हणून एक बारीक रक्कम लावण्याची चाल होती. ती पांजरपोळाला, धर्मशाळेला, कधी देवळाच्या नंदादीपाला जाई. हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न की धर्माची ठेव, हा वाद हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाने ती ठेव मानली. व्यापाऱ्याचा प्रश्न त्याने सुटला. परंतु ज्याच्या खिशातून तो पैसा गेला त्या गिऱ्हाईकाला कोणी विचारले होते काय? पुण्य त्याच्या नावे जमा झाले असेलही. संकल्प मात्र त्याने सोडलेला नव्हता. संकल्पावाचून दान होत नाही हे सांगावयास आपल्याला नव्या कायद्याची गरज पडू नये. पण ती पडली, हे कबूल करणे प्राप्त आहे.

या नव्या तत्त्वांचा अंमल कसा होतो, यावर सर्व अवलंबून आहे. उपाहारगृहांच्या सेवाशुल्काचेच उदाहरण घ्या. खाद्यपदार्थांच्या यादीतील दर पाहून आपण बसतो, आणि उठताना बिलात शेकड्याने वेगळी रक्कम लागलेली असते. ४ जुलै २०२२ रोजी प्राधिकरणाने ते आपोआप लावण्यास मनाई केली. उपाहारगृहचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई कायम केली. त्यांचा युक्तिवाद होता की या रकमेवर नोकरांच्या पगाराचा हिशेब बसविलेला आहे. खाफीखानाचा जहागीरदार दुसरे काय म्हणत होता? पगाराच्या वहीत ती रक्कम धरलेली आहे, मग ती सोडायची कशी! युक्तिवाद अगदीच खोटा असतो असे नाही. नोकराचे पोट असतेच. पण ते पोट यादीतल्या दरात, आरंभीच, उघडपणे का मांडू नये, याचे उत्तर औरंगजेबाच्या दफ्तरदाराजवळ नव्हते आणि आजही कोणी दिलेले ऐकिवात नाही.

आता शेवटी पुन्हा सोन्याकडे. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर कसाची मोहोर सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षरी-आकडी खूण असल्याखेरीज तो विकता येत नाही. या पारखीचे शुल्क २०२२ मध्ये नगामागे ४५ रुपये ठरले. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, कस आणि हे शुल्क वेगवेगळे दाखविले पाहिजे, असा नियम आहे. चौकसी आपल्या टकसाळीत परत येऊन बसला म्हणावे, तर या आदेशात सूट दिलेल्या वस्तूंची एक यादी आहे. दोन ग्रॅमहून हलके दागिने तीत आहेत, वैद्यकीय वा औद्योगिक उपयोगाच्या वस्तू आहेत, सोन्याची तार आहे. आणि त्याच यादीत, एका ओळीत, सोन्याच्या धाग्याच्या वस्तूही आहेत.